तानपुऱ्यावर बोलू नका : शास्त्रीय संगीताच्या रेडिओ कार्यक्रमाचं निवेदन कसं करावं

इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्य नगरात रेडिओवर शास्त्रीय संगीत ऐकणारा श्रोता चिडतो, तेव्हा त्याचा राग बहुधा गायकावर नसतो, निवेदकावर असतो. तक्रारी ठरलेल्या आहेत. तानपुरा सुरू झाला तरी बोलणं थांबत नाही. शेवटचा सूर हवेत असतानाच त्यावर "वा, क्या बात है" येऊन पडतं. गाण्याआधी चार मिनिटं चरित्र, आणि गाणं संपल्यावर रागाचं नावसुद्धा नाही. निवेदनाचा आवाज एवढा मोठा, की पाठोपाठ येणारा आलाप ऐकायला बटण फिरवावं लागतं आणि पुढच्या निवेदनाला ते परत कमी करायला उठावं लागतं.

या प्रत्येक तक्रारीवर उपाय आहे, आणि तो सेकंदांत, शब्दांत आणि डेसिबलमध्ये सांगता येतो. पुढचं सगळं आठवड्याला तासाभराचा कार्यक्रम करणाऱ्यांसाठी आहे, मग ते आकाशवाणीवर हंगामी निवेदक असोत, सामुदायिक रेडिओवर असोत की घरातल्या खोलीतून इंटरनेट रेडिओ चालवत असोत. शेवटी थोडं श्रोत्यांसाठीही आहे.

काय सांगायचं आणि काय नाही

एक कसोटी पक्की धरा : कानाला जे आपोआप कळणार आहे ते सांगायचं नाही, कानाला जे कळू शकत नाही ते मात्र न चुकता सांगायचं.

गाणं विलंबित, म्हणजे संथ लयीतलं आहे, आवाज भारदस्त आहे, तान दाणेदार आहे, वातावरण गंभीर आहे, हे श्रोत्याला ऐकू येणारच आहे. रागाचं नाव, तालाचं नाव, बंदिशीचे (गायच्या बांधीव रचनेचे) पहिले शब्द, गायकाचं नाव, साथीदारांची नावं, ध्वनिमुद्रण कुठलं आणि केव्हाचं, हे मात्र जाणत्या कानालाही नुसतं ऐकून दर वेळी खात्रीनं सांगता येत नाही. निवेदकाचं काम तिथं आहे.

आरोह-अवरोह, वादी-संवादी, थाट, जाती हे सगळं वाचून दाखवण्याची सवय सोडा. ज्याला राग येतो त्याला ते माहीत असतं, आणि ज्याला येत नाही त्याला "वादी कोमल रिषभ, संवादी धैवत" या शब्दांनी काहीही ऐकू येत नाही. त्याऐवजी कान लावायची एक जागा सांगा. एकच. उदाहरणार्थ मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांचे स्वर तेच आहेत : कोमल रिषभ (रे), तीव्र मध्यम (म), आणि पंचम (प) वर्ज्य, म्हणजे वगळलेला. फरक मुक्कामाचा आहे. मारवा रिषभ-धैवतावर रेंगाळतो आणि षड्ज, म्हणजे मूळ स्वर सा, टाळत राहतो, पूरिया मंद्रात (खालच्या सप्तकात) गांधार-निषादाकडे ओढला जातो, सोहनीचा जीव तार (वरच्या) सप्तकात. एवढं सगळं निवेदनात नको. मारवा लावणार असाल तर "षड्ज बराच वेळ लागत नाही, तो कधी येतो तिकडं लक्ष असू द्या" हे एक वाक्य पुरतं. नवा श्रोता पहिली दहा मिनिटं या वाक्याच्या आधारानं ऐकू शकतो, आणि जाणत्या श्रोत्याला त्यात खटकण्यासारखं काही नसतं.

चरित्राचंही तसंच आहे. कुमार गंधर्वांची भजनं लावायची म्हटली की देवास, क्षयरोग, आजारपणात गाता न आल्याची मौनाची वर्षं ही गोष्ट येतेच. देवास इंदूरपासून तासाभराच्या वाटेवर. इथल्या श्रोत्याला ती कथा तोंडपाठ आहे, आणि ती पुन्हा ऐकवण्यात गेलेली दोन मिनिटं एका निर्गुणी भजनाचा तिसरा हिस्सा असतात. पण कुमारजींनी बांधलेला राग लावत असाल तर प्रश्न वेगळा होतो. लगनगांधार, मधसुरजा, सहेली तोडी, संजारी, मालवती ही नावं सगळ्यांच्या कानावरून गेलेली नसतात. श्रोता नेहमीच्या रागात बसवू पाहतो आणि अडकतो. अशा वेळी नाव सावकाश, तोडून उच्चारा, हा राग त्यांनी लोकधुनेतून घडवलेला आहे एवढं सांगा, आणि गाणं संपल्यावर नाव पुन्हा घ्या. गोष्ट वगळून वाचवलेले सेकंद इथं खर्च करा.

साल सांगताना एक खाचखळगा आहे. सीडीच्या किंवा ॲपच्या पानावर जे साल असतं ते पुष्कळदा पुनर्प्रकाशनाचं असतं. मूळ तबकडीवर किंवा तिच्या कव्हरवर छापलेलं दिसलं तरच साल बोला, नाहीतर सोडून द्या. चुकीचं साल एकदा रेडिओवरून गेलं की दहा वह्यांत टिपलं जातं.

तासाचा हिशेब

मराठीत शांतपणे बोललं तर मिनिटाला १०० ते ११० शब्द होतात. म्हणजे ४० सेकंदांत साधारण ७० शब्द, १५ सेकंदांत २५. तीन कलाकृतींच्या तासाला हा हिशेब ठेवा :

सुरुवातीचं निवेदन ३० सेकंद. प्रत्येक कलाकृतीआधी ४० सेकंद, तिन्ही मिळून १२०. प्रत्येक कलाकृतीनंतर १५ सेकंद, तिन्ही मिळून ४५. समारोप २० सेकंद. एकूण बोलणं २१५ सेकंद. यात प्रत्येक कलाकृतीआधी २ आणि नंतर ४ सेकंद शांततेचे धरा, ते १८ होतात. बेरीज २३३. तासाच्या ३,६०० सेकंदांतून वजा केले की संगीताला ५६ मिनिटं ७ सेकंद मिळतात. ३४ मिनिटांचा ख्याल, १४ मिनिटांचं वादन आणि ८ मिनिटांचं भजन यात नेमकं बसतं.

४० सेकंद ही वरची मर्यादा आहे. सहा मिनिटांच्या भजनाला ४० सेकंदांची प्रस्तावना जड होते, तिथं २० पुरेत. छोट्या कलाकृतीला तिच्या लांबीच्या दहाव्या भागाहून अधिक बोलणं कधीच नको. उलट, धृपदाचा अर्ध्या तासाचा आलाप लावणार असाल आणि पखवाज शेवटीच येणार असेल, तर ते आधी सांगायला दहा सेकंद जास्त घेतले तरी चालतात. नाहीतर नवा श्रोता तालाची वाट बघून कंटाळतो.

याला अपवाद म्हणजे शिकवण्यासाठीच केलेला कार्यक्रम. विविध भारतीवरच्या 'संगीत सरिता'त बोलणं हाच कार्यक्रमाचा गाभा आहे, राग समजावण्यासाठी गाण्याचे तुकडे लावले जातात आणि श्रोता त्या तयारीनंच बसतो. तसं करायचं असेल तर वेगळी वेळ मागा, वेगळं नाव द्या. ऐकण्याच्या तासात शिकवणीचा तास मिसळला की दोन्हीकडचे श्रोते नाराज होतात.

आधी पूर्ण ऐका, मग लिहा

निवेदन लिहिण्याआधी ध्वनिमुद्रण पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकदा तरी ऐकायलाच हवं. फाइलच्या नावावर विसंबून केलेल्या निवेदनांत सर्वांत जास्त चुका निघतात : 'यमन' लिहिलेल्या फाइलमध्ये यमन कल्याण निघतो, 'विलंबित' लिहिलेल्यात पुढं द्रुत, म्हणजे जलद लयीतला भागही जोडलेला असतो. ऐकताना वेळांचं टिपण करा. ३४ मिनिटांच्या एका मैफलीचं टिपण असं दिसेल :

०:०० तानपुरा
०:१४ पहिला स्वर
१:०५ बंदिशीचे पहिले शब्द
२४:४० विलंबित संपतं, तानपुरा चालूच
२४:५२ द्रुत
३३:३८ शेवटची सम (तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा)
३३:४१ टाळ्या
३४:०० फाइल संपते

यातल्या दोन जागा धोक्याच्या. पहिली ०:०० ते ०:१४. हे चौदा सेकंद मोकळे वाटतात आणि निवेदकाला त्यावर बोलायचा मोह होतो. बोलू नका. तानपुरा हा कानाला षड्ज देण्यासाठी आहे. तो षड्ज मनात बसायला दहा-बारा सेकंद लागतात, आणि बसला नाही तर पुढचा रिषभ कोमल लागला की शुद्ध हे नव्या कानाला कळत नाही. शिवाय ग्वाल्हेरच्या गायकीत पुष्कळदा थोडक्या औचारानंतर (बंदिशीआधीच्या छोट्या आलापानंतर) बंदिशच सुरू होते, तेव्हा तानपुऱ्यावरचं बोलणं दहा सेकंद जरी लांबलं तरी मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, हातचा जातो. बोलणं पूर्ण संपवा, दोन सेकंद थांबा, मग फाइल सोडा.

दुसरी जागा २४:४० ते २४:५२. विलंबित आणि द्रुत यांच्यामधली ही फट केंद्राचं नाव, वेळ किंवा जाहिरात घालायला सोयीची दिसते. ती फट गाण्याचा भाग आहे. द्रुत बंदिश विलंबितानं भारलेल्या कानावर यायची असते, मध्ये माणसाचा आवाज आला की ते भारलेपण जातं आणि द्रुत नुसतं जलद गाणं वाटू लागतं. केंद्राचं नाव घ्यायचं ते फक्त दोन कलाकृतींच्या मध्ये.

काही मैफलींत गायक स्वतःच राग सांगतो. टिपणात ते आलं तर तुमच्या निवेदनातून रागाचं नाव काढून टाका आणि बाकीचं ठेवा. गायकाच्या तोंडून नाव ऐकण्याचा आनंद श्रोत्याला मिळू द्या.

निवेदन लिहिणं

लिहूनच काढा. आयत्या वेळी बोलणाऱ्याची वाक्यं लांबत जातात, आणि घड्याळाकडं पाहिलं की घाई होते. पहिला मसुदा झाला की सगळी विशेषणं खोडा : सुमधुर, अप्रतिम, स्वर्गीय, मंत्रमुग्ध करणारं. मग "आता आपण ऐकणार आहोत", "चला तर मग", "या ठिकाणी" हे खोडा. उरलेलं मोठ्यानं वाचा, घड्याळ लावून.

असं निवेदन येतं : "मावळतीच्या या रम्य वेळी, मन हळवं करणारा, जणू सूर्यास्ताचं चित्रच डोळ्यांसमोर उभं करणारा राग मारवा, आणि तो आपल्या धीरगंभीर, अलौकिक आवाजात सादर करताहेत आपल्या इंदूरचे सुपुत्र, महान गायक उस्ताद अमीर खाँ साहेब." पस्तीस शब्दांच्या आसपास, त्यात माहिती फक्त दोन गोष्टींची.

त्याच जागेत हे बसतं : "उस्ताद अमीर खाँ. राग मारवा. झुमरा तालात विलंबित, 'पिया मोरे अनत देस'. त्यानंतर तीनतालात 'गुरु बिन ग्यान'. लाँग प्ले तबकडीवरून. षड्ज बराच वेळ लागत नाही. तो कधी येतो तिकडं लक्ष असू द्या." छोटी वाक्यं, प्रत्येक नावानंतर श्वास. नावं भराभर म्हणायची नसतात, ती ऐकणारा टिपून घेत असतो.

उच्चार तपासा. 'मियाँ की तोडी'तला अनुनासिक गिळू नका, 'हमीर' आणि 'अमीर' एकाच निवेदनात आले तर दोन्ही नीट वेगळे ऐकू यायला हवेत. बंदिशीचे शब्द बहुधा ब्रज भाषेतले असतात, त्यांना मराठी वळण देऊ नका. एखादा शब्द कळतच नसेल तर खात्रीचा आहे तेवढाच भाग सांगा. अंदाजानं भरलेला शब्द गाणाऱ्या श्रोत्याला लगेच टोचतो.

इंदूरमधला एक खास प्रश्न दोन भाषांचा. कार्यक्रम मराठी आणि श्रोत्यांत हिंदीभाषकही, म्हणून निवेदक सगळं आधी मराठीत आणि मग हिंदीत सांगतो. चाळीस सेकंदांचे ऐंशी होतात आणि दोन्ही भाषा कळणारा माणूस, म्हणजे इथला जवळपास प्रत्येक जण, तेच दोनदा ऐकतो. नावं दोन्ही भाषांत सारखीच आहेत. राग, ताल, गायक, बंदिश ऐकणाऱ्याला भाषेची अडचण येत नाही. एका भाषेत बोला. केंद्राचा आग्रहच असेल तर सुरुवातीचं निवेदन मराठीत आणि नंतरचं हिंदीत, अशी वाटणी करा.

गाणं संपल्यावरचं निवेदन

हा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे आणि श्रोत्याला सर्वांत हवा असतो. तासाचा कार्यक्रम सगळे पहिल्या मिनिटापासून ऐकत नाहीत. कोणी स्वयंपाकघरातून येतं, कोणी गाडीत बसल्यावर रेडिओ लावतं. बाराव्या मिनिटाला आलेला माणूस उरलेली बावीस मिनिटं एकाच प्रश्नासाठी थांबलेला असतो : हे कोण गातंय, आणि राग कोणता? शेवटी त्याला "किती सुरेख होतं ना" एवढंच मिळालं तर तो चिडणारच.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हे गाणाऱ्यांना नीट कळलं होतं. १९०२ साली गायिका गौहर जाननं कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केलं तेव्हा तीन मिनिटांच्या तबकडीच्या शेवटी ती स्वतःचं नाव सांगे, "माय नेम इज गौहर जान". तबकड्या जर्मनीत छापल्या जात, तिथल्या कामगारांना कुठल्या तबकडीवर कोणाचं नाव लावायचं ते त्यावरून कळे. तीन सेकंदांत काम पूर्ण. आजच्या श्रोत्याची गरजही तीच आहे.

म्हणून शेवटच्या निवेदनात राग आणि गायक पुन्हा, आणि साथीदारांची नावं इथं. तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, हा प्रश्न ऐकताना पडतो, आधी सांगितलेली नावं तोवर विसरली गेलेली असतात. क्रम असा : शेवटची सम, चार सेकंद शांतता, मग बोलणं. मैफलीचं ध्वनिमुद्रण असेल तर टाळ्या तीन-चार सेकंद मोकळ्या वाजू द्या, दोन सेकंदांत खाली न्या, एक सेकंद थांबा. टाळ्यांवर चढून बोललं की गाणं तोडल्यासारखं वाटतं. तानपुरा टाळ्यांशिवाय विरत असेल तर तो पूर्ण विरू द्या, मग चार सेकंद मोजा. पहिल्यांदा हे चार सेकंद फार लांब वाटतात. मनात मोजू नका, घड्याळावर मोजा, कारण माइकसमोर बसलेल्याचे चार सेकंद दीडच असतात.

इंटरनेट रेडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये शांतता पकडणारी सोय असते, आवाज ठरावीक वेळ खाली राहिला की ती आपोआप पुढची फाइल लावते. ती मर्यादा −५० डेसिबल आणि किमान २० सेकंद अशी ठेवा. नाहीतर हळुवार आलापात गायक थांबला असताना जाहिरात सुरू होईल.

आवाजाची पातळी

बटण फिरवावं लागण्याच्या तक्रारीचं मूळ इथं आहे. श्रोता रेडिओचा आवाज पहिल्या निवेदनावर लावतो. बोलणं माइकच्या अगदी जवळून आलेलं, घट्ट आणि ठाम असतं. पाठोपाठ तानपुरा आणि मंद्रातला आलाप येतो, तो कितीतरी खाली. अमीर खाँ साहेबांसारखा गायक मंद्रात सावकाश बढत (रागाचा विस्तार) करतो तेव्हा पहिली पाच मिनिटं ऐकूच येत नाहीत असं वाटतं.

पातळी जुळवायची ती विलंबिताच्या सर्वसाधारण भागाशी. द्रुतातल्या तानांशी किंवा सर्वांत मोठ्या क्षणाशी जुळवलीत तर निवेदन परत मोठंच होईल. कलाकृतीच्या पहिल्या पाच मिनिटांची सरासरी लाउडनेस मीटरवर बघा. ती −२६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या पातळीचं एकक) आली तर निवेदन −२६ ते −२४ च्या दरम्यान ठेवा. मीटर नसेल तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधलं 'कॉन्ट्रास्ट' हे साधन दोन निवडलेल्या भागांच्या सरासरीतला फरक डेसिबलमध्ये दाखवतं, एक भाग निवेदनाचा आणि एक आलापाचा निवडा. फरक ३ डेसिबलच्या आत आला की श्रोत्याला बटणाला हात लावावा लागत नाही. वेगवेगळ्या काळची ध्वनिमुद्रणं सर्वोच्च शिखराच्या मापानं सारखी करू नका. एखादी टाळी किंवा तबल्याचा एक जोरकस बोल शिखर ठरवतो आणि सगळं गाणं खाली जातं.

आपोआप पातळी सांभाळणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर या संगीताचं नुकसान करतं. मोठं बोलणं आलं की ते आवाज दाबतं, मग तानपुरा आल्यावर सावकाश वर उचलतं. श्रोत्याला तानपुरा फुगत चालल्यासारखा ऐकू येतो आणि जुन्या फितीचा खरखराट त्याबरोबर वर येतो. हातात असेल तर हे बंद ठेवा. केंद्राच्या यंत्रणेत ते कायमचंच असेल तर निवेदन मुळात खालच्या पातळीवर ध्वनिमुद्रित करणं आणि त्यानंतर दोन सेकंद थांबणं एवढाच इलाज हातात राहतो, आणि तोही बराच उपयोगी पडतो.

मध्यम लहरीवर हा त्रास वाढतो. एफएमवर १५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पोहोचतो, मध्यम लहरीवर साधारण पाचच्या आसपास कापला जातो. तानपुऱ्याच्या जवारीची (तारांच्या झणकाराची) चमक याच वरच्या भागात असते, ती गेली की तानपुरा मागं सरकतो आणि माणसाचं बोलणं, ज्याची स्पष्टता खालच्या पट्ट्यातच आहे, पुढं येतं. कार्यक्रम मध्यम लहरीवरून जाणार असेल तर निवेदन आणखी दोन डेसिबल खाली घ्या.

माइकपासून १५ ते २० सेंटिमीटर दूर बसा, तोंड थोडं तिरकं, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापा. घरी ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद करा. इंदूरच्या मे महिन्यात हे जड जातं, पण एकेक निवेदन चाळीस सेकंदांचंच आहे, मध्ये पंखा लावून घ्या. सगळी निवेदनं एकाच बैठकीत, माइक न हलवता करा, नाहीतर प्रत्येक वेळी आवाज वेगळ्या खोलीतून आल्यासारखा वाटतो. कागद एका बाजूनंच लिहिलेले आणि सुटे ठेवा, पान उलटल्याचा आवाज येत नाही.

कलाकृती वेळेत बसत नसेल तर

दुसरी निवडा, हा पहिला सल्ला. कापायचंच असेल तर विलंबितात फार आधीपासून जागा शोधून ठेवावी लागते. अतिविलंबित झुमऱ्यात एक मात्रा साडेचार सेकंदांची धरली तर १४ मात्रांचं आवर्तन (तालाचं एक चक्र) ६३ सेकंदांचं होतं. म्हणजे योग्य जागा मिनिटातून एकदाच येते. मुखडा घेऊन गायक समेवर येऊ द्या, समेनंतर दोन-तीन सेकंद ठेका चालू द्या, मग सहा ते आठ सेकंदांत सावकाश आवाज मिटवा. मुखड्याकडं निघालेल्या गायकाला वाटेत कापणं सर्वांत वाईट, कारण ऐकणारा त्याच्याबरोबर समेकडं निघालेला असतो. वादनात 'झाला' हा शेवटचा जलद भाग सुरू झाला की कापू नका. तो शेवटाकडं चढत जातो, म्हणून झाल्याच्या आधीच एखाद्या समेवर थांबवा. आणि कापलं असेल तर बोलताना "या वादनाचा काही भाग" असं स्पष्ट म्हणा.

फर्माइशी आणि संदेशांची नावं वाचायची असतील तर ती सगळी समारोपाच्या निवेदनात जाऊ द्या, तीनपेक्षा जास्त नकोत. "रामबागेतले आणि सुदामा नगरातले काही श्रोते" असं एकत्र म्हटलं तरी चालतं.

श्रोत्यांसाठी

"फार बोलतात" या तक्रारीचा उपयोग होत नाही, कारण त्यावरून निवेदकाला काय बदलायचं ते कळत नाही. कार्यक्रम ऐकताना घड्याळ आणि वही जवळ ठेवा. तारीख, कार्यक्रमाची वेळ, कितव्या मिनिटाला, काय झालं आणि किती सेकंद, हे लिहा. एका पत्रात एकच मुद्दा. नमुना असा :

"स.न. गेल्या रविवारच्या शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमात पहिल्या गायनाचा तानपुरा सुरू झाल्यावर निवेदन सुमारे वीस सेकंद चालू होतं. त्यामुळे बंदिशीचे पहिले शब्द ऐकू आले नाहीत. निवेदन संपल्यावर ध्वनिमुद्रण सुरू करावं, ही विनंती. गाणं संपल्यावर साथीदारांची नावं सांगितलीत त्याचा उपयोग झाला, ते चालू ठेवावं."

शेवटचं वाक्य जरूर लिहा, पण ते खरं असेल तेव्हाच. निवेदकाला जी गोष्ट बरोबर जमली आहे ती त्याला कळली नाही, तर पुढच्या वेळी तीच वगळली जाण्याची शक्यता असते. पत्र निवेदकाच्या नावानं न पाठवता कार्यक्रम अधिकाऱ्याच्या पदनामानं पाठवा, म्हणजे माणूस बदलला तरी नोंद राहते. कार्यक्रमानंतर राग, ताल, कलाकार आणि साथीदार यांची यादी केंद्राच्या फलकावर किंवा समाजमाध्यमावर टाकावी, अशी वेगळी मागणीही करता येते. ती मान्य झाली की निवेदकावरचा माहिती देण्याचा भार हलका होतो. पुढचे तीन-चार कार्यक्रम ऐका, आणि तानपुरा मोकळा ऐकू येऊ लागला तर तेही दोन ओळींत कळवा.